उरलेला अर्धा

केजच्या तहसीलीसमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. तिथल्या माणसाकडे नोकरीचा अर्ज तयारच असतो. शिक्षक असो की शिपाई, फक्त नाव बदलायचं. 'मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू असून' अशी सुरुवात. तालुक्यातले निम्मे होतकरू त्याच्याच संगणकातून बाहेर पडलेत.

मला वसतिगृहाच्या गृहपालाच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची लेकरं हंगामभर सांभाळायची, असं ते काम. मिळालं तर ऊस तोडायला माझं कारखान्याला जाणं कायमचं सुटणार होतं. बी.ए. मी कशीबशी झाले होते, दर हंगामात कॉलेज सोडून आणि परीक्षेपुरती परत येऊन.

"अनुभव?" दुकानदारानं विचारलं. मी जरा घुटमळले, तेवढ्यात त्यानं टाईप करून टाकलं: निरंक.

माझं डोकंच फिरलं. 'काहीच नाही' याला सरकारी कागदावर निरंक म्हणतात, हे मलाही ठाऊक होतं. पण हातावरचे उसाच्या पाचटाचे ओरखडे काय मांजरानं काढले होते? ऊसतोड लिहा, मी म्हणाले.

"ताई, ऊसतोड अनुभवात लिवत नसत्यात. हासत्याल लोकं."

"हासू द्या. आना तो कागद इकडं."

घरी येऊन उंबऱ्यात कंदील घेऊन बसले आणि अर्ज हातानं लिहून काढला. पहाटे आईबाप फडात गेले की मागं कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांत, लेकरं राहतात. त्यातलं तापानं फणफणलेलं कोणतं आणि रडून लाल झालेलं कोणतं, हे मला हात लावून कळतं, असं लिहिलं. एकाला उसाच्या ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेलं होतं, ते लिहिलं. तोडणीवरून आल्यावर चुलीच्या उजेडात बाराखडी शिकवायचे, तेही लिहिलं. आणि अनुभवापुढं लिहिलं, अर्धा कोयता.

आमच्याकडे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा. वडील वारले तेव्हापासून मी आणि आई मिळून एक कोयता होतो. दोन बायकांचा कोयता म्हणून मुकादम नाक मुरडायचा, पण घ्यायचा.

मुलाखतीला बोलावणं आलं. टेबलापलीकडच्या बाई बाहेरगावच्या होत्या. "अर्धा कोयता म्हणजे? मोडका होता का?" त्यांनी विचारलं. मला हसू आलं. मी समजावून सांगितलं. त्या मन लावून ऐकत होत्या. मग सहज म्हणाल्या, "मग उरलेला अर्धा कोण?"

"आई."

परतीच्या जीपमध्ये तो शब्द डोक्यातून जाईना. अर्ज जेवढा चांगला, तेवढी आई अर्धी; मला नोकरी लागली की तिच्या कोयत्याला जोडीदार उरणार नव्हता. तिला हे पहिल्याच दिवशी कळलं असणार, आणि तरी माझ्या अर्जासाठी तिनंच तो कंदील मुकाट पुसून दिला होता. मला स्वतःचाच राग आला.

नोकरी मिळाली. अनुदान आलं की पगार, असं संस्थेनं सांगितलं. दसऱ्याच्या आधी मुकादम दारात आला.

"वैनी, लेक म्याडम झाली. आता अर्ध्या कोयत्याचं म्या काय करू? जोडीला माणूस बगा, न्हाईतर ऱ्हावा घरी."

"ऱ्हा की घरी," मी आईला म्हणाले.

"आन् खायाचं काय, तुजं अनुदान?" आई म्हणाली. मुकादम खो खो हसला. मला रडूच यायचं बाकी होतं.

जोडीला माणूस सापडलं. माझ्या चुलत्याची पोरगी. दहावीत होती, गणितात लई हुशार. वसतिगृहात खिडकीजवळची जागा मी तिच्यासाठी आधीच धरून ठेवली होती. चुलत्याशी मी भांडले, हातापाया पडले. तो म्हणाला, "तुजी आई एकटी जाईल का? तूच सांग."

ट्रक निघाला त्या सकाळी आई पुढं तोंड करून बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पोरगी मात्र गाठोड्यावर ऐटीत बसून वाकून बघत होती.

"ताई, तोंड कावून पाडलंस?" ती म्हणाली. "आता माजाबी अनुभव हुईल की. पुडं माजा अर्ज तूच लिवून दे."