शेवटच्या पोळीची तपासणी

आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. शेजारी फोन होता, तिथून हाक आली. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मनात आलं ते असं, की ही खरंच गेली, की आपण कसे वागतो ते पाहायला निपचित पडून राहिली आहे? चंद्रभागाआत्याबद्दल असं कुणालाही वाटलं असतं. जन्मभर तिने माणसांवर संशयच घेतला...

नागपूरला कोष्टी मोहल्ल्यात तिचं घर. साठ सालानंतर सासऱ्यांचा हातमाग बंद पडला, मागाखालचा खड्डा तसाच राहिला. विणकर पाय सोडून बसायचा त्या खड्ड्यात आत्याने पोती अंथरली आणि रस्त्यावरची जखमी, टाकून दिलेली पिल्लं आणून ठेवायला लागली. नवरा गिरणीत, मूलबाळ नाही. बरी झालेली पिल्लं ती लोकांना पाळायला द्यायची. पण द्यायची म्हणजे काय, मुलीचं लग्न परवडलं! घरी कोण कोण असतं, अंगण आहे का, आधीचा कुत्रा कशाने मेला... हा शेवटचा प्रश्न विचारताना ती डोळ्यांत रोखून बघायची आणि भला माणूसही उगाच चोरासारखा होऊन जायचा.

एवढ्यावर भागत नसे. आमच्याकडे शेवटची पोळी कुत्र्याची असते. पिल्लू दिलं की आत्या न सांगता, ऐन जेवणाच्या वेळी त्या घरी धडकायची आणि ती पोळी बघायला मागायची. एकदा एसटीने मलाही काटोलला घेऊन गेली. तिथल्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याने बागेसाठी मोत्या नेला होता. बिचारे ताटावर बसलेले. त्यांच्या बायकोने लगबगीने डब्यातली पोळी काढून दाखवली, चांगली तूप लावलेली.

"तूप काहून लावलं वं बाई?" आत्या म्हणाली. "मी येऊन राहिली, हे कोनं सांगतलं तुले?"

बाई रडकुंडीला आल्या. मोत्या मात्र गुबगुबीत झाला होता, आणि आत्याला बघून तो त्या बाईंच्याच मागे जाऊन लपला. परतीच्या बसमध्ये आत्या वळून वळून मागे बघत होती. मग म्हणाली, "लपला काहून? शिकवलं असन त्याले." मी हसू दाबत खिडकीबाहेर बघत राहिले.

मला मात्र तिने कधीच पिल्लू दिलं नाही. लहानपणी मागितलं, लग्न झाल्यावर मागितलं. "पाहू," एवढंच म्हणायची. मोहल्ल्यातल्या कुणालाही मिळायचं, उलटतपासणी करून का होईना. मला तिने कधी एक प्रश्नही विचारला नाही. म्हणजे विचारण्याच्याही लायकीची मी नव्हते? हे मला फार लागलं. माझ्यात काय खोट दिसली हिला? माझ्या सासूबाईंनी काही कानात सांगितलं असेल का? आता मीच तिच्यावर संशय घ्यायला लागले. ती आमच्याकडे यायची, चहा प्यायची, पोटभर गप्पा मारायची. पोळ्यांच्या डब्याकडे तिची नजर जाते का, ते मी चोरून बघत असे. तिची नजर कधी गेली नाही, आणि त्याचाही मला संशय यायचा.

दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा विचारून टाकलं. "आत्या, मलेच काहून नाही देलं वं कधी?"

ती धापा टाकत होती. "तुले देलं असतं... तं तुह्याही घरी मले शक घेऊन या लागलं असतं. एक तरी घर पायजे ना वं पोरी, जिथं नुसतं चहा प्यायले येता येते."

मागाच्या खोलीत एकच कुत्री उरली होती, लंगडी काळी. तेरवी झाल्यावर आत्याच्या नवऱ्याने तिची दोरी माझ्या हातात दिली, काही न विचारता. आता मी जेवायला बसले की काळी दाराकडे तोंड करून बसते, आणि माझंही लक्ष तिकडेच असतं. आत्या आली तर चहाला येईल की डबा बघायला, सांगता येत नाही. कशीही येवो.