सुधाचे डोळे आणि माझी सोयरीक

माझी बहीण सुधा, वय नऊ. १९६१ च्या जूनमधल्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, बेंगळुरातल्या एका डोळ्यांच्या इस्पितळात तिच्यासमोर खोटं बोललं गेलं. बोलली आमची आईच.

डॉक्टरांनी सुधाला काळ्या पडद्यापुढे बसवून पांढरी टाचणी कडेकडून आत सरकवली. पार मधोमध आल्यावर ती म्हणाली, "आत्ता दिसली." आजाराचं नाव रेटिनायटिस पिग्मेंटोसा. डोळ्याच्या आतला पडदा कडेपासून झिजतो. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, शेवटी समोरचंही जाऊ शकतं.

"नात्यातलं लग्न का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे, छे!" आई म्हणाली.

मी म्हटलं, "हो. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, सख्ख्या मामाची मुलगी केलीय."

आईने मला चिमटा काढला. माझंही मामाच्या मुलाशी पाळण्यातच ठरलेलं होतं ना!

डॉक्टर म्हणाले, "आईबापांना दिसतं, पण दोष दोघांत लपलेला असतो. दोन्हीकडून एकाच मुलात आला की हे होतं. नात्यात तशी शक्यता वाढते. औषध नाही. दिसतंय तोवर शिकवा, शाळेला सांगा. आजवर काय देत होता?"

शार्क माशाचं तेल! आम्ही बेळगावचे सोवळ्यातले. दोन वर्षं देवघराकडे पाठ करून, नाक दाबून पोरीला पाजत होतो.

"बंद करा ते."

"आजपासून?" सुधाने विचारलं. त्या दिवशी हसली ती तेवढीच.

घरी ठरलं, नात्यातल्या सोयरिकीला लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून माझं लग्न होईपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. म्हणजे तोवर सुधा शाळेत शेवटच्या बाकावर, आणि ठेचकाळली की "वेंधळी" म्हणून छडी. माझ्या अक्षतांसाठी! डॉक्टरांपुढे मी बोलले ते कळताच मामा बेंगळुरातल्या राजाजीनगरला आमच्या घरी आले. "अक्का, पोरीच्या तोंडाला स्वल्प आवर घाल."

मी म्हटलं, "मामा, मी लग्न मोडलं. आता लपवायचं कोणासाठी?"

ते न जेवताच गेले. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

मामा गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सुधाच्या मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं. सुधा आता पहिल्या बाकावर बसते. आम्ही दोघी डोळे मिटून ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावाची अक्षरं, शिकतो. मी चुकले की ती मला वेंधळी म्हणते. तिची दृष्टी राहणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. विचारेल त्याला ती स्वतःच सांगते.

तुमच्या घरात असं मूल दडवलेलं असेल, तर उद्या सकाळी त्याचा हात धरून शाळेत जा. सोयरे काय म्हणतात ते नंतर ऐका.