तोंडातला पिक

रोह्याच्या आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक गिटारचा पिक, म्हणजे तारा छेडायचा प्लास्टिकचा तुकडा, तोंडात ठेवायचे. गाणं चालू नसेल तेव्हा तो त्यांच्या डाव्या गालात, गुटख्याच्या शेजारी असायचा. गाण्याची वेळ झाली की दोन बोटं तोंडात घालून तो बाहेर काढत, पँटवर एकदा उलटा, एकदा सुलटा पुसत आणि वाजवायला लागत. मूळचा तो पांढरा असावा. मी पाहिला तेव्हा किडक्या दातासारखा झाला होता.

मी त्यांच्याकडे गेले ती नव्वदीची मधली वर्षं. पेणच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले होते आणि जोह्याला घरच्या गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायचं काम करत होते. गिटार मामेभावाची. तो बोटीवर नोकरीला लागला आणि जाताना ती आमच्याकडे ठेवून गेला. त्यानं शिकवलेलं थोडंसं मी घोटून घोटून वाढवलं होतं, पण वाजवायचे अंगठ्यानं. पिक कधी हातात धरला नव्हता. ऑर्केस्ट्रात कॉर्ड वाजवणारा माणूस आखातात गेला आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. मालक म्हणाले, "मुलगी गिटार वाजवते म्हटल्यावर लोक बघायलाच येतील." मला ते तेव्हाच खटकलं होतं. पण वाजवायला मिळणार होतं, म्हणून गेले.

तालीम बाजारातल्या एका दुकानामागच्या खोलीत व्हायची. तिथल्या एका कोपऱ्याला सगळे थुंकायचे. भिंत कमरेइतकी लाल. गायिका बिचारी त्या कोपऱ्याकडे पाठ करून गायची. पहिल्याच दिवशी माझं वाजवणं ऐकून मालकांनी हात वर केला.

"अंगठ्यानं काय चिवचिव करतेस? शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज गेला पाहिजे. हा घे."

त्यांनी गालातून पिक काढला, पँटवर पुसला आणि माझ्या तळव्यावर ठेवला. गरम होता. ओला असेल हे मला दिसत होतं, पण गरम असेल हे लक्षातच आलं नव्हतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ड्रम वाजवणारा म्हणाला, "घे की. सरांचा पिक मिळायला नशीब लागतं." बाकीचे हसले. मी तो दोन नखांत धरला.

जाड होता, बटणासारखा. मालक एकेक सूर खणून काढत, त्यांना तसाच लागत असेल. माझं काम सगळ्या तारांवरून हात फिरवायचं. त्यात माझं मनगट ब्रशला सरावलेलं, सैल. त्या जाड तुकड्याला प्रत्येक तार अडत होती, हात गचके खात होता, आणि बुळबुळीतपणामुळे पिक बोटांतून फिरत होता. शेवटी पहिली तार तुटली.

"हातात ताकद नाय," मालक म्हणाले. माझ्या बोटांतून पिक घेतला आणि सरळ तोंडात टाकला. माझ्या घामासकट.

पॅसेंजरनं पेणला आणि तिथून एसटीनं जोह्याला येईपर्यंत मी उजवा हात अंगापासून लांब धरला होता. घरी साबणानं धुतला, मग ब्रश धुवायच्या रॉकेलनं, मग परत साबणानं. कात आणि तंबाखूचा तो गोडसर वास काही जाईना. जेवायला बसले आणि घास डाव्या हातानं उचलला.

"डाव्या हातानं जेवतंस गो?" आई म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. तिनं पुढ्यातली थाळी बाजूला सारली.

"शी! उष्टं आपन देवाला नाय दावत, आन तो तुझ्या हातावर उष्टं ठेवतो? आन तू घेतलंस?"

"काय करू मग? सगळे बघत होते."

"बघू देत. तुझा तू आन."

म्हणून पेणला गेले. बाजारात ढोलकी-पेटीचं एक दुकान होतं. दुकानदारानं खालून एक डबा काढला. आत बेंजोच्या नख्या, तुटक्या तारा, आणि सगळ्यावर झुरळाच्या लेंड्या. त्यानं डब्यात जोरात फुंकर मारली, थुंकीचे शिंतोडे उडाले, आणि म्हणाला, "हे बघा, एकदम स्वच्छ." मी एक पातळ आणि एक मध्यम उचलला. घरी आणून गरम पाण्यात उकळले. पातळ होता तो चुलीवरच्या पापडासारखा वळला. मध्यम टिकला, पण त्याचं टोक अणकुचीदार. कॉर्ड वाजवताना प्रत्येक तार वेगवेगळी टोचल्यासारखी ऐकू यायची. गाण्याखाली जी सलग चादर अंथरायची, ती याच्यानं होईना.

मग मी स्वतः कापायला लागले. पहिल्यांदा आजोबांचा जुना एक्स-रे काढला. उजेडात धरला तर त्यांच्या छातीतलं सगळं दिसलं, आणि त्यांचा तो खोकला, खाटेखालचं ते तस्त आठवलं. कोरा कोपरा तेवढा कापला. तो फारच पातळ निघाला. हळू गाण्याला बरा, पण जरा लय वाढली की पत्त्यासारखा फडफडायचा. तारेपेक्षा त्याचाच आवाज जास्त. मग रंगाच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण घेतलं. त्याचा तुकडा अंगठ्याच्या पेराएवढा, टोक रुंद आणि गोल. मूर्ती घासायच्या पॉलिश पेपरनं कड इतकी घासली की गालावरून फिरवली तरी टोचू नये. तारांवरून नेला तर तो थोडासा वाकायचा आणि लगेच सरळ व्हायचा. मनगटाला झटका नाही, ताकद लावायला नको. माझा हात जसा होता तसाच वाजत होता. त्या दिवशी कारखान्यात मी एकटीच होते, रंग न दिलेल्या गणपतींच्या रांगेसमोर बसून तेच एक गाणं पुन्हा पुन्हा वाजवत राहिले.

पुढच्या तालमीला मालकांनी तो पाहिला. "डब्याचं झाकण? भंगारवाली हायस काय?" म्हणाले. पण आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जात होता, म्हणून गप्प बसले.

मेमध्ये कासूजवळच्या एका गावात हळदीचा कार्यक्रम होता. दिवेलागणीला सुरू केला. मांडव भरला होता. तिसऱ्या गाण्याच्या आधी मालकांना ठसका लागला, आणि खोकल्याबरोबर त्यांच्या तोंडातला पिक, गुटखा, सगळंच स्टेजवर पडलं. पिक फळ्यांच्या फटीतून खाली गेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्याजवळ आले, माझ्या बोटांतला पिक ओढून घेतला आणि वाजवायला लागले. मी अंगठ्यावर आले. गाणं संपल्यावर पुढच्या गाण्याची घोषणा करायला त्यांनी माइक धरला, आणि हात मोकळा करायला माझा पिक गालात ठेवला.

घोषणा झाली. त्यांनी तो तोंडातून काढला आणि माझ्यापुढे धरला. त्यांचा फटीतून पडलेला तोवर कुणीतरी स्टेजखालून शोधून आणला होता.

"नको," मी म्हणाले. "तुमच्याकडेच ठेवा."

"घे. पुसून देतो."

"नको."

त्यांनी माइक तोंडाजवळ नेला. "मंडळी, आमच्या मॅडमला किळस आली!"

मांडव हसला. माझे कान तापले. तेवढ्यात पुढे बसलेली नवरीची आत्या, हळदीनं माखलेले हात तसेच वर करून, उभी राहिली.

"मला पन आली! तोंडातलं काढून पोरीच्या हातात देतंस? लाज नाय काय तुला?"

आता मांडव दुप्पट हसला, आणि या वेळी मालकांवर. त्यांनी माझा पिक स्वतःच्या गिटारच्या कडेवर ठेवला आणि पुढचं गाणं सुरू केलं. मी उरलेला कार्यक्रम अंगठ्यानं वाजवला.

टेम्पोत सामान चढवताना ते म्हणाले, "चार माणसांत घालवलीस माझी. माफी माग."

ड्रमवाला समजावायला आला. "सॉरी बोल नि विषय मिटव. कलेत कसली आलीय किळस?"

तो पिक अजून मालकांच्या गिटारच्या कडेवर चिकटलेला होता. मी कागदाच्या तुकड्यानं उचलला आणि त्याच्यासमोर धरला. "मग ठेव तोंडात."

तो एक पाऊल मागे सरला. मी तो कीबोर्डवाल्यापुढे धरला, मग ढोलकीवाल्यापुढे. कुणी हात पुढे केला नाही. ढोलकीवाल्यानं तर मान फिरवली. म्हणजे किळस सगळ्यांना येत होती, इतकी वर्षं! फक्त ती गिळायची पाळी माझ्या एकटीवर आली होती. त्या क्षणी मला मालकांपेक्षा या तिघांचा जास्त वीट आला. कागदासकट तो तुकडा मी नाल्यात टाकला, गिटार खांद्याला लावली आणि कासू स्टेशनवर चालत गेले. पुन्हा रोह्याला तालमीला गेले नाही.

पावसाळ्यात, कारखान्यात कामाची घाई असताना, गायिका जोह्याला आली. चिखलातून चपला हातात घेऊन. आईनं तिला चहा दिला तेव्हा ती कपाकडे बघत म्हणाली, "मालक माझ्या कपातला चहा प्यायचे, आणि उरलेला मला द्यायचे. मी कधी बोलले नाही."

"प्यायचीस?" मी विचारलं.

"मी खिडकीतून ओतून द्यायचे. मीही सोडलं आता."

आम्ही दोघींनी मिळून पुढे काही वर्षं कार्यक्रम केले. पेणला, हमरापूरला, बारशांना, हळदीला. मालकांबद्दल नंतर ऐकलं की गुटख्यानं त्यांचं तोंड उघडेनासं झालं, पातळ पेजेवर आले. वाईट वाटलं. किळस मात्र कमी झाली नाही. ती वेगळ्याच जागी राहते, आणि दयेला तिथे जाता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. आमचा पहिला कार्यक्रम हमरापूरला एका बारशाला झाला. माइक एकच होता, आणि तो गायिकेनं आधी ओल्या फडक्यानं तीनदा पुसून घेतला. यजमानीण म्हणाली, "लई नखरे गो तुमचे." आम्ही हसलो आणि वाजवायला सुरुवात केली.