लाल खुणेची फाईल

बाई एकटी राहते म्हटलं की लोक आधी विचारतात, भीती वाटत नाही का? नाही वाटत. भूत, करणी, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही. चौथी शिकलेली आहे. नेकनूरच्या पुढे शेतातल्या घरात राहते. मालक जाऊन तीन वर्षं झाली.

पुण्याला असलेल्या माझ्या मुलानं मोबाईलमध्ये अँटीव्हायरस टाकून दिलाय. एका सकाळी त्यात लाल खूण आली — 'संशयास्पद फाईल. काढून टाकायची?' फाईल आवाजाची होती. मी ती दाबली.

आधी आमचं लोखंडी गेट करकरलं. मग मालक बोलले, "पाटोदेकरीण, आलीस का?"

माझं माहेर पाटोदा. पण सगळं गाव मला मुलाच्या नावानं हाक मारतं. पाटोदेकरीण म्हणणारे एकटे तेच.

मुलाला फोन केला तर तो ओरडलाच. "आई, कावून उघडलीस? आजकाल कुणाचाबी आवाज बनवत्येत. डिलीट कर आधी!"

"बनवणाऱ्याला माझं माहेर कुणी सांगितलं?"

तो म्हणाला, "तरीबी कर."

नाही केली. स्टँडजवळ असलमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं गेले. त्यानं ती फाईल इंटरनेटवर एकदम पुष्कळ अँटीव्हायरसकडून तपासून घेतली. फक्त एकानं लाल दाखवली.

"म्हणजे चोर घावला," मी म्हणाले.

"तसं न्हाई मावशी. खरा व्हायरस असला तर लई जण वरडत्येत, त्याचं नाव घेऊन. ह्या एकानं नुसता संशय घेतलाय. पर बाकीचे गप हायत म्हणून ग्यारंटीबी न्हाई. नवा असला तर कुणालाच वळखू येत न्हाई."

"मग तुझ्या मशीनचा काय डोंबल उपयोग?"

तो हसला. "बहुतेक धोका न्हाई, इतकंच कळतंय. आली कुठून, ते न्हाई सांगत."

मग त्यानं मोबाईलमध्ये फाईलची माहिती उघडली, आणि त्याचं हसणं गेलं. फाईल बाहेरून आलीच नव्हती. याच मोबाईलवर रेकॉर्ड झाली होती — मागच्या बाजाराच्या दिवशी.

"घरी कोण होतं मावशी?"

"कुणी न्हाई."

मी बाजारात होते. मोबाईल घरात चार्जिंगला, दाराला कुलूप. आणि ते गेट तर मालक गेल्यावर बसवलंय.

असलम म्हणाला, "ठेवायचीच असली तर सिम काढा, नेट बंद करा. मग आत काय बी असू दे, बाहेर काय जायचं न्हाई." तसंच केलं. सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. व्हिडिओवर नातवंडं दिसायची, ती बंद झाली. मुलगा अजून धड बोलत नाही.

घरी येऊन फाईल शेवटपर्यंत ऐकली. त्या हाकेनंतर कुलूप काढल्याचा आवाज आहे, पिशवी ठेवल्याचा आहे, माझा खोकला आहे. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग पुन्हा, जरा हळू — "आलीस का?"

तिथं ती संपते.

त्या दिवशी मला काही ऐकू आलं नव्हतं. हे कसं झालं, मला अजून उमगलेलं नाही. कुणाला उमगलं तर सांगा, पण डिलीट कर म्हणून सांगू नका.

आता मी गेट उघडलं की आधी "आले" म्हणते, आणि मग कुलपाला हात लावते.