न वाचता केलेली सही

बाई कागद हातात घेत, टेबलावर पालथा घालत, त्यावर तळवा ठेवत आणि समोरच्याला विचारत, "काय लिहिलंयस यात, सांग बघू."

समोरचा म्हणजे बहुतेक वेळा आमचे अण्णा. बेंगळुरात शिवाजीनगरच्या एका वॉर्डाचे कौन्सिलर. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगावर कडक इस्त्रीची खादी, आणि दारात अर्ज घेऊन बसलेली दहापंधरा माणसं. तळव्याखालचं पत्रक अण्णांच्याच नावाचं, त्यांच्याच सहीचं. पण त्यात काय आहे हे अण्णांना एकदाही सांगता आलं नाही. ते छताकडे बघत, मग माझ्याकडे बघत. मी खिडकीबाहेर बघत असे, कारण पत्रक मी लिहिलेलं असे.

मी अण्णांचा लेखनिक होतो. निपाणीकडचा माणूस, कन्नड आणि मराठी दोन्ही लिहिता येतं, एवढ्या भांडवलावर बेंगळुरात आलो होतो. राज्यांची नवी मांडणी होऊन दोनतीन वर्षं झाली होती. अण्णा येरझाऱ्या घालत मजकूर सांगत. मध्येच कुणी नळाची तक्रार घेऊन आला की ते तिकडे वळत, आणि परत आल्यावर वाक्याचं पहिलं अर्धं विसरून भलतंच दुसरं अर्धं सांगत. मी दोन्ही अर्धी जोडून कागद छापखान्यात धाडत असे. तिथे खिळे जुळवणारा माणूस तमिळ. त्याला मराठी अक्षरं ओळखता येत, मराठी येत नसे. तेव्हा सांगणाऱ्याचं लक्ष नाही, लिहिणाऱ्याला घाई आणि छापणाऱ्याला भाषा नाही, असा तिघांच्या हातचा प्रसाद आमच्या वॉर्डातल्या मराठी जनतेला मिळत असे.

एका पत्रकात अण्णांनी जाहीर केलं होतं, "आपणा सर्वांची मला रात्रंदिवस चिता आहे." एक टिंब गळालं, आणि अख्ख्या वॉर्डाला सरणावर चढवून अण्णा मोकळे झाले. पाणपोईच्या उद्घाटनाच्या आमंत्रणात पाहुण्यांची नावं होती, त्यांच्या पदव्या होत्या, भगिनींच्या बसण्याची वेगळी सोय होती. पाणपोई कुठे आहे, तेवढं नव्हतं. भर उन्हात शेदीडशे माणसं मार्केटभर पाणपोई शोधत हिंडली आणि शेवटी सोडा पिऊन घरी गेली. एका निवृत्त सुभेदारांच्या एकसष्टीला आम्ही "पुण्यतिथीनिमित्त हार्दिक शुभेच्छा" पाठवल्या. सुभेदार काठी टेकत स्वतः आले आणि दारातूनच म्हणाले, "अण्णा, मी आहे अजून."

अण्णा मुळीच वरमले नाहीत. "सुभेदार, भावना बघा की. जनता भाव बघते, वेलांटी बघत नाही," असं म्हणून त्यांनी त्यांना कॉफी पाजली. तुम्हीही असे पुढारी पाहिले असतील. चूक दाखवली की ते चिडत नाहीत, प्रेमाने खांद्यावर हात ठेवतात. हा हात फार वाईट. त्याच्याशी भांडता येत नाही.

बाई मात्र भांडत. अण्णा चौथीत असताना त्या त्यांच्या वर्गशिक्षिका होत्या. आता निवृत्त होऊन बसवनगुडीत एकट्या राहत. दर सोमवारी सकाळी दोन बस बदलून शिवाजीनगरला येत. नऊवारी, पायात पुरुषी वहाणा, आणि पिशवीत आठवडाभरात जमवलेली अण्णांची पत्रकं. भिंतीवरचं पत्रक असलं तर तेही खळ सुकायच्या आत सोलून आणत. रांगेत बसलेली माणसं त्यांना वाट करून देत. बाई खुर्चीत बसत, कागद पालथा घालत, तळवा ठेवत.

"सांग बघू."

"पाण्याबद्दल असेल बाई."

"शाळेबद्दल आहे. सरी, ठीक आहे. चुकलेले शब्द दहा वेळा लिही."

आणि आमचे अण्णा, ज्यांच्या एका शब्दावर मार्केटची दुकानं बंद होत, ते अर्जदारांच्या देखत पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एकेक चुकलेला शब्द दहा दहा वेळा लिहीत. जीभ किंचित बाहेर काढून. मला पहिल्यांदा फार गंमत वाटली होती. मग लक्षात आलं, की रांगेतली माणसं हसत नाहीत, गहिवरतात. "केवढा मोठा माणूस, पण गुरूचा मान कसा राखतो बघा!" अण्णांच्याही ते लक्षात आलं होतं. पुढेपुढे ते सोमवारी मुद्दाम दार सताड उघडं ठेवायला लागले. शुद्धलेखन सुधारलं नाही, मतं मात्र वाढली.

बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. मी एकदा तसं सुचवल्यावर त्या म्हणाल्या, "त्याला मतं मिळोत की. पण चुकलेली वेलांटी मला एवढंच सांगते, की लिहिणाऱ्याने मागे वळून बघितलं नाही. आज वेलांटी बघत नाही, उद्या माणूस बघणार नाही."

मला तेव्हा ते मास्तरकीचं बोलणं वाटलं.

सोमवारी अण्णांकडून निघाल्या की बाई मार्केटमागच्या एका सार्वजनिक इमारतीत जात. तिथल्या मागच्या खोलीत रोज दुपारी त्या मराठीचा वर्ग घेत, फुकट. शिंप्यांची, भांडी घडवणाऱ्यांची, छावणीत नोकरी करणाऱ्यांची वीसेक मुलं. घरी मराठी बोलणारी, पण अक्षर न ओळखणारी. पाट्या, एक सतरंजी आणि एक फळा, एवढाच संसार. बाईंना मूलबाळ नव्हतं. त्या वर्गाबद्दल बोलताना त्या "माझी पोरं" म्हणत, आणि हे दोन शब्द त्यांच्या तोंडी इतर शब्दांपेक्षा मऊ येत.

आता माझं पाप सांगतो. लाकडाची वखार चालवणारे एक गृहस्थ अण्णांचे मोठे कार्यकर्ते होते. आम्ही त्यांना वखारवाले म्हणत असू. त्यांना सार्वजनिक वाचनालय काढायची हुक्की आली. वाचनालय म्हणजे काय, तर एक पाटी, दोन बाकं आणि पत्त्यांचे तीन जोड. "मार्केटमागच्या इमारतीतली बिनवापराची खोली वाचनालयास द्यावी, असं अण्णांचं पत्र पाहिजे," असं ते मला म्हणाले. मी लिहिलं. कुठली खोली, हे विचारलं नाही. अण्णांनी सही केली. कुठली खोली, हे वाचलं नाही.

महिन्याच्या सुरुवातीला बाईंना कॉर्पोरेशनच्या वरच्या कचेरीची नोटीस आली: महिनाअखेर खोली रिकामी करावी. सोबत अण्णांच्या पत्राची नक्कल. त्या दिवशी बुधवार होता. बाई आल्या, बसल्या, नक्कल पालथी घातली आणि तळवा ठेवला. पण "सांग बघू" म्हणाल्या नाहीत. त्यांनी तळवा नुसताच उचलला.

अण्णांनी वाचलं. त्यांचा चेहरा खरोखर पडला. "बाई, शपथ घेऊन सांगतो, मला ठाऊक नव्हतं."

"ते दिसतंच आहे. आता दुसरं पत्र लिही."

"लिहितो की. पण इलेक्शन दोन महिन्यांवर आलंय. वखारवाल्यांच्या मागे सगळी गल्ली आहे. स्वल्प थांबा. इलेक्शन होऊ दे, मग बघू."

"तोवर पोरं कुठे बसतील?"

"होईल की काहीतरी."

बाईंनी दोन आठवडे जागा शोधली. मुलं शिवाजीनगरची; त्यांना रोज बसवनगुडीपर्यंत कोण पाठवणार? एका देवळाने सणांचं कारण सांगितलं, एका दुकानदाराने मालाचं. पाचसहा मुलं तर वर्ग बंदच झाला असं समजून यायची थांबली.

महिना संपायला आठवडा होता. अण्णा घरी नसताना, एका शनिवारी, बाई आल्या आणि त्यांनी मला एक कागद दिला. त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं पत्र, अण्णांच्या तर्फे: आधीचं पत्र रद्द समजावं, खोली मुलांच्या वर्गाकडेच कायम ठेवावी.

"सोमवारच्या सह्यांत ठेव," त्या म्हणाल्या.

लग्नसराई होती. दर सोमवारी अण्णा चाळीसपन्नास शुभेच्छापत्रांवर माणसांशी बोलता बोलता सह्या करत. मी विचारलं, "आणि त्यांनी वाचलं तर?"

"नाही वाचणार," बाई म्हणाल्या. चालायला लागल्या, दारात थांबल्या, आणि गेल्या.

सोमवारी बाई नेहमीच्या वेळी आल्या. पिशवीतून एकही पत्रक काढलं नाही. अण्णा गटाराची तक्रार घेऊन आलेल्या मंडळींशी बोलत होते आणि उजवा हात आपोआप सह्या करत होता. एक लग्न, दुसरं लग्न, बारसं, तिसरं लग्न. दोन लग्नांच्या मधे बाईंचा कागद. अण्णांचं पेन त्यावर टेकलं आणि मी बाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ उघडले होते. मला वाटलं, आता म्हणणार, थांब, वाच. पस्तीस वर्षं दुसरं काय म्हणत आल्या होत्या त्या?

अण्णांची नजर वर गेली. "काय बाई? कॉफी सांगू?"

बाईंनी त्या घरात कधी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. शिष्याकडून काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम.

"सांग," त्या म्हणाल्या.

अण्णांनी आत हाक मारली आणि सही केली. बाई ती कॉफी शेवटपर्यंत प्यायल्या. 

वर्ग वाचला. कचेरीचा हुकूम निघाला तेव्हा वखारवाले अण्णांच्या घरात एवढे ओरडले की रस्त्यावरचे घोड्यांचे जटके हाकणारेही थांबून ऐकू लागले. अण्णांनी मला बोलावलं. पत्र पुढे धरलं. "हे माझं?"

"सही आपलीच आहे."

अण्णांनी अक्षर ओळखलं. चौथीत असताना फळ्यावर रोज पाहिलेलं अक्षर. मला वाटलं, माझी नोकरी गेली. पण अण्णा आमच्यापेक्षा हुशार. मी हे वाचलंच नव्हतं, असं म्हणावं, तर आजवरच्या साऱ्या सह्यांचं काय? संध्याकाळच्या सभेत त्यांनी सांगून टाकलं, की मायमराठीसाठी आपण जवळच्या माणसाचाही रोष पत्करला. टाळ्या पडल्या. अण्णा निवडून आले. खुद्द वखारवाल्यांनी मिरवणुकीत गुलाल उधळला.

मी खुशीत होतो. पण सहीनंतरचा पहिला सोमवार आला, बाई आल्या नाहीत. त्याच्या पुढचाही गेला. इलेक्शन झाल्यावर आभाराचं पत्रक निघालं, त्यात दर ओळीला एक चूक होती. भिंतीवरून ते कुणी सोललं नाही. सोमवारी बाईंची खुर्ची रिकामी असे आणि अण्णांची नजर फिरून फिरून तिथे जाई. शेवटी मीच बसवनगुडीला गेलो.

बाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "अण्णा रागावलेले नाहीत. चला की सोमवारी."

"राग कशाचा? खोली मिळाली, पोरं परत आली. मी रोज जाते तिथे." त्या जरा थांबल्या. "पण त्याच्यासमोर बसायला आता तोंड नाही मला. आयुष्यभर त्याला सांगितलं, वाचल्याशिवाय सही करू नकोस. आणि गरज पडली तेव्हा, तो वाचणार नाही, याच भरवशावर माझी पोरं ठेवली मी. तोही माझं पोरच होता की रे."

 मी शेंगा सोलायला लागलो.

एक गोष्ट मात्र झाली. अण्णा वाचायला लागले. बारशाच्या शुभेच्छासुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदा फसलेला माणूस. सह्यांना उशीर व्हायला लागला, रांग फाटकाबाहेर गेली, लोक म्हणायला लागले, "अण्णा पूर्वीसारखे राहिले नाहीत." मी धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्यांना आनंद झाला नाही. "भीतीने वाचतोय," म्हणाल्या. "मला तसं नको होतं."

त्यानंतर सहासात वर्षं त्यांनी तो वर्ग चालवला. मग एका जूनमध्ये, चार दिवसांच्या तापात, बाई गेल्या. शोकसभा त्याच खोलीत झाली. मुलं सतरंजीवर बसली होती, मोठी माणसं भिंतीला टेकून उभी. अण्णांनी भाषण माझ्याकडून लिहून घेतलं नव्हतं. आदल्या दिवशी दार लावून ते स्वतःच लिहीत बसले होते.

त्यांचं नाव पुकारलं गेलं. अण्णा पुढे आले, खिशातून तीन कागद काढले, चष्मा लावला आणि मनातल्या मनात वाचायला लागले. लोक थांबले. त्यांनी पहिला कागद वाचला, दुसरा वाचला. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तिसरा कागद त्यांनी दोनदा वाचला. मग तिन्हींची घडी करून खिशात ठेवली आणि तसेच उभे राहिले. पुढचं वाक्य कुठे शोधावं हे न कळलेल्या माणसासारखे.

 भाषण न करताच खाली बसले, तिथेच, खादी चुरगळत. मुलं जरा जरा सरकली आणि त्यांना सतरंजीवर जागा करून दिली.