सातवी, जिल्हा परिषद

माणसाची जात, गाव, पगार यातलं काही न विचारता फक्त शाळा विचारणारी बाई जगात एकच झाली, आणि ती नेमकी माझ्या नवऱ्याची आत्या निघाली. डोंबिवलीत प्राथमिक शिक्षिका होत्या. रिटायर झाल्या, तरी शाळा काही अंगातून उतरली नाही. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर नवरात्रात देवीच्या रांगेत त्यांनी बंदोबस्ताच्या पोलिसाला विचारलेलं, "शाळा कुठली? अनुदानित की विनाअनुदानित?" तो बिचारा म्हणाला, "आजी, पुढे सरका." सरकतील तर शप्पथ! शेवटी त्याने "आश्रमशाळा" म्हटलं, तेव्हा आधी त्याला आशीर्वाद आणि मग देवीला नमस्कार. माझा नवरा चिडून ताटावरून उठला की म्हणायच्या, "जाऊ दे गं, हा अजून अंगणवाडीतच आहे."

मला मात्र त्यांची धास्ती. लग्नाच्या मांडवातच त्यांनी माझी शाळा विचारून घेतलेली. तेव्हापासून बारसं असो, हळद असो, माझी ओळख एकच: "ही आमची भाचेसून. सातवी, जिल्हा परिषद." अस्सा संताप यायचा! एकदा बाळकुमच्या आमच्या घरी मी कोलंबी सोलत होते, आणि शेजारणीसमोर त्यांनी पुन्हा तेच सुरू केलं. मी फुटलेच. "उद्या माझ्या पोरांच्या शाळेत आईचं शिक्षण विचारतील, तेव्हा पण तुम्हीच या सांगायला!"

"मग आठवीला का नाही गेलीस?"

"शाळाच सातवीपर्यंत होती ना! शाळा संपली, बसले घरी." माझं माहेर खाडीपलीकडे, भिवंडीच्या बाजूला. सातवीच्या पुढे काही असतं हे आमच्यात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पोरीचं शिक्षण पूर्ण झालं म्हणून आईने आळीत पेढे वाटलेले.

आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं वेडे, ती तुझी प्राथमिक संपली. पुढे माध्यमिक असतं, कुणी सांगितलंच नाही तुला?"

झालं! आठवड्याभरात त्यांनी माझा सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे बाहेरून दहावी. दर रविवारी डोंबिवलीहून यायच्या. मी मासे साफ करायची, त्या बीजगणित घ्यायच्या. पहिल्या खेपेला गणितात गचकले. तोंड लपवून बसले, तर ह्या पेढे घेऊन हजर: "बाकीचे सगळे विषय सुटले की गं!" पुढच्या खेपेला गणितही सुटलं. मग बारावी. आत्यांनी माझ्यासाठी जे केलं ते सख्ख्या माणसांना सुचलं नव्हतं.

आत्या गेल्या वर्षी गेल्या. यंदा लेकीला शाळेत घालायला गेले. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "आईचं शिक्षण?"

मी पदर सावरून ठणकावून सांगितलं, "सातवी, जिल्हा परिषद. दहावी, सतरा नंबर. बारावी, तीही बाहेरूनच."

"अहो, नुसतं बारावी सांगा," बाई हसल्या आणि तेवढंच लिहिलं.

मी सवयीने मागे वळून पाहिलं. आत्या असत्या तर बाईंना सगळं लिहायला लावलं असतं.