बुडीची सूज

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्याच सुमारास पावसानं दगा दिला. कचेऱ्या वाढल्या, माणसं वाढली, विहिरी मात्र तळाला गेल्या. पंपाच्या पाइपाच्या टोकाची जाळी गाळात रुतायची. बुडी मारून ती मोकळी करायचं काम मला मिळालं. पोहणं मी कंधारला शिकलेलो. बायको भोकरला माहेरी होती. लातुरात खोली करून मी एकटाच राहायचो.

सुरुवातीला अंग मोडून आलं. कान आतून सुजले, घास चावताना डोळ्यांत पाणी यायचं. रोज बुड्या मारत गेलो तसं दुखणं मात्र ओसरलं. वाटलं, सरावलो.

एके दिवशी पाणी भरायला आलेल्या म्हातारीनं माझा दंड धरला. "कवाची बोलून राहिले! राग आलाय का रे माझा?"

तिची हाक मला ऐकूच आली नव्हती.

डॉक्टरांनी कानात उजेड टाकून पाहिलं. "दुखतंय का?"

"न्हाई साहेब, आता कायीच न्हाई."

"तेच वाईट. रोजच्या त्रासाला शरीर सरावतं, तक्रार करायचं सोडतं. पण आत पाणी साचलंय. काही दिवस विहिरीत उतरू नका."

ते दिवस खोलीत काढले. विहिरीवरची ओळख विहिरीपुरतीच. विचारपूस करायला कुणी आलं नाही. शेजारी रेडिओ लावत. मी भिंतीला हात लावून बघायचो, चालू आहे की बंद.

बरं वाटल्यावर पुन्हा उतरलो. पहिल्याच बुडीला उजव्या कानातून कळ मस्तकात गेली. वर आलो तर बोटाला रक्त. अंगाची सवय मोडली होती. सूज आली ती पहिल्यापेक्षा मोठी. तो कान गेला तो गेलाच.

निरोप मिळताच बायको आली. उशाशी बसून बोलत होती. मी आपला "हाव, हाव" म्हणत राहिलो. ती उठून डाव्या बाजूला आली.

"जेवलात का म्हणून इचारलं. हाव म्हणता, आन् चूल तर थंड हाय."

पुढं नांदेडला तिच्या भावाच्या पिठाच्या गिरणीत लागलो. गिरणी सुरू असली की सगळ्यांनाच ओरडून बोलावं लागतं, तेव्हा मीही त्यांच्यातलाच. वीज गेली की मुश्किल होते. पट्टा थांबतो, माणसं पोत्यांवर टेकतात आणि हळू आवाजात बोलायला लागतात.